रिकामे फोटो

वरच्या घळीत लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड आणायचं, एवढंच काम होतं. त्यात पाणमांजर सापडलं की नदीकाठ राखीव होणार होता. मात्र राखीव काठावर माणूस नको, असा नियम होता. म्हणजे खालच्या वस्तीला गाशा गुंडाळावा लागणार. तरीही वस्तीतली मावशी आपणहून वाट दाखवायला आली, याचं कॅमेरेवाल्याला नवल वाटत होतं. मोहिमेच्या प्रमुख बाईंना नवल करायला सवड नव्हती. त्या सगळ्यांत पुढे होत्या.

घळ अरुंद होत गेली तसा पाण्याला जोर आला. दोर बांधून तिघं प्रवाहात उतरली. मधोमध कॅमेरेवाल्याचा पाय शेवाळावरून सटकला. दोर ताणला. नाकातोंडात पाणी! मावशीने त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून खडकाला पाय रोवले, बाईंनी दोर खेचला. काठाला लागला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती.

कॅमेरा समोरच्या कड्यावर एकाच पट्ट्याने लोंबकळत होता. कॅमेरेवाला पोटावर सरपटत गेला. कार्ड काढलं, गालात धरलं. तोच पट्टा तुटला आणि कॅमेरा खाली धबधब्यात! तो मागे सरकला तेव्हा बाईंनी आधी कार्डाची चौकशी केली. त्याला तोंड उघडता येत नव्हतं, हे बरंच झालं.

पाणी न शिरणाऱ्या पिशवीतला लॅपटॉप कोरड्या खडकावर उघडला. चार पाणमांजरं, त्यांत दोन पिल्लं! बाईंचा आनंद गगनात मावेना. बाकीच्या फोटोंत वस्तीची माणसं होती. कुठे मावशीची सून पाणी भरत होती, कुठे नातवंडं डुंबत होती. प्राणी नसलेल्या फोटोंना या धंद्यात ‘रिकामे’ म्हणत आणि लगेच पुसून टाकत. बाईंनी सवयीने तेच सांगितलं.

“थांब रे,” मावशी म्हणाली. “आम्ही इथे राहतो याचा पुरावा मागतात आमच्याकडे. तो तुमच्या पेटीत असणार, म्हणून तर आले.”

कॅमेरेवाल्याने पुढचा फोटो उघडला. मावशी जाळं उचलत होती आणि तिच्या मागे, चार हातांवर, पाणमांजर पिल्लांसह निवांत मासा खात होतं. त्याने लॅपटॉप बाईंकडे वळवला.

“बाई, यातला रिकामा कुठला?”

“हे दाखवलं तर वस्तीचा हक्क ठरतो आणि काठ राखीव होत नाही,” बाई म्हणाल्या. “सगळी मेहनत पाण्यात.”

“माणूस नको म्हणता,” मावशी म्हणाली. “मग राखणार कोण, बाई?”

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग त्यांनी कार्ड काढून मावशीच्या हातावर ठेवलं, आणि यातले एकदोन फोटो आम्हाला द्याल का, असं विचारलं.