दोघींची खुर्ची

अक्षया फडतरे कऱ्हाडहून वालावलला आली ती पाणमांजरांचे फोटो काढायला. तिथल्या खाडीत त्यांचं एक कुटुंब आहे, ओहोटी लागली की कांदळवनाच्या मुळांवर येऊन बसतं, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गाडी ती स्वतःच चालवायची. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालतील अशी करून घेतलेली. अपघातात कमरेखालचं अंग बधिर झालं, त्याला बरीच वर्षं लोटली होती. सुरुवातीचे दिवस तिनं एका खिडकीशी काढले. खिडकीसमोरच्या शेवग्यावर बसणारे पक्षी टिपता टिपता कॅमेरा हातात बसला, आणि मग ती घरात राहिलीच नाही.

प्रवासात तिला एका वाक्याची धास्ती असायची. ‘आमच्याकडे सगळी सोय आहे, ताई.’ सोय म्हणजे चार माणसं बोलावून तिला खुर्चीसकट पोत्यासारखं उचलणं. वालावलला घरी पाहुणे ठेवणाऱ्या भाईंनी फोनवर हेच वाक्य म्हटलं तेव्हाही तिनं फारसा विश्वास ठेवला नव्हता. पण खाडीजवळच्या त्या घरापाशी गाडी थांबली आणि ती बघतच राहिली. अंगणातून पडवीत जायला चिऱ्याचा उतार होता, अगदी हवा तसा सौम्य. न्हाणीघराचं दार रुंद होतं. नळ, कडी, विजेची बटणं, सगळं बसल्या जागी हाताला येईल अशा उंचीवर.

“येवा, येवा. वाट मेळली मां?” भाई पंचाला हात पुशीत पुढे आले. “काय लागला तर साद घाला. ही राधा आसाच.”

राधाबाईंनी कोकमाचं सरबत आणून दिलं, खुर्चीच्या चाकांकडे एक नजर टाकली आणि आत गेल्या.

खुर्ची अक्षयाच्या अंगवळणी पडलेली होती. मागच्या ढकलायच्या दांड्या तिनं केव्हाच काढून टाकल्या होत्या. न विचारता मागून रेटणाऱ्या भल्या माणसांचा तिला वीट आला होता. चाकाला किती जोर लावला की खुर्ची किती जाते, हे तिच्या दंडांना बरोबर ठाऊक होतं. म्हणूनच पहिल्या संध्याकाळी पडवीतून निघताना ती चपापली. खुर्ची हललीच नाही. दोनदा नेट लावल्यावर हलली, ती ओल्या पोत्यासारखी. उतारावर तर अशी सुटली की तळहात सोलवटले. अंगणात मऊ मातीत चाकं रुतली. मागं वळून तिनं पाहिलं, तर चाकांचे चर बोटभर खोल गेले होते.

“हवा कमी झाली असेल,” ती स्वतःशीच म्हणाली. पंप काढून तिनं हवा भरली. चाकं टणक झाली. वजन तसंच राहिलं. कुंपणाचं बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, उघडून खाडीच्या वाटेला लागायचं, तर बेड्यापाशी खुर्ची जी थांबली ती पुढे जाईना. चाकाखाली ना दगड, ना मूळ. अक्षयानं शेवटी नाद सोडला, घराकडे तोंड केलं, आणि खुर्ची मुकाट्यानं माघारी आली. पडवीत शिरताच हलकी झाली, पिसासारखी.

रोज झोपण्यापूर्वी ती आरसा घेऊन पाय तपासायची. बधिर अंगाला टोचलेलं कळत नाही, त्यामुळे कुठे दाब पडून कातडी लाल झाली आहे का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. बसून पडणारे डाग मांड्यांच्या खालच्या बाजूला असतात. तिथे काही नव्हतं. तिनं पांघरूण नीट करायला हात घातला आणि थबकली.

मांड्यांच्या वरच्या बाजूला, आडवे, रुंद, लालभडक पट्टे उठले होते. कुणी बराच वेळ मांडीवर बसून उठावं तसे.

बाहेर मोहोराचा वास दाटला होता. खाडीच्या चिखलाचा दर्प मधूनच घरात शिरत होता. अक्षयानं दिवा मालवला नाही. आपल्या मांडीवर कुणी बसलं, तर आपल्याला कळणार नाही, हा विचार तिच्या मनात याआधी कधी आला नव्हता. आता तो जाईना. ती खिडकीबाहेरच्या अंधाराकडे नव्हे, आपल्याच पायांकडे बघत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. पडवीत खुर्ची हलकी, पडवीबाहेर जड, आणि बेड्यापाशी जागच्या जागी खिळलेली. पण त्या दिवशी तिला आणखी एक गोष्ट जाणवली. चाकांच्या कड्यांवर ठेवलेल्या तिच्या हातांत बारीक थरथर येत होती. थरथर तिची नव्हती. खुर्चीच्या सांगाड्यातून वर येत होती, आणि पलीकडे कांदळवनात काहीतरी पाण्यात सुळकन उतरलं तेव्हा ती एकदम वाढली.

अक्षया माघारी आली ती बॅग भरायलाच. दिवेलागणीला वीज गेली. राधाबाई कंदील घेऊन दारात उभ्या राहिल्या. उघड्या बॅगेकडे बघून त्यांनी कंदील खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसल्या.

“खुर्ची जड जाता मां?” त्यांनी हळूच विचारलं.

अक्षया गर्रकन वळली. “तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?”

“म्हायत नाय होता. तुमका अंगणात बघलंय आणि समाजला.” राधाबाईंनी कंदिलाची वात खाली केली. “विमलाक्का ती. ह्यांची मोठी भयण. लहानपणी पोलियो झालो आणि पाय गेले. सगळो जन्म ह्या पडवीत काढल्यान तिना. खाडी हाकेर आसा, पण जातली कशी? बापाशीन एकदा खांद्यार बसवून न्हेल्यान होता, तेव्हा पाणमांजरां बघल्यान. ताच सांगी जल्मभर.”

“आणि हा उतार?”

“ह्यांनी बांधलो. नळ, दारां, सगळा तिच्यासाठी. चाकांची खुर्चीय मागयली. पण ती इली भर पावसात, वाटेर ह्यो चिखल. हे म्हणाले, आक्का, पाऊस उघाडलो काय जावया.” राधाबाईंनी कंदील जवळ ओढला. “पाऊस उघाडलो. आक्का नाय ऱ्हवली.”

कंदिलाच्या काचेवर एक किडा टकटक आपटत होता.

“माणसां येतत, जातत. सगळी चलणारी. चाकांवर इलेली तुमी पयलीच.” त्या उठल्या. “भिऊ नकात. ती वायट नाय. पण तुमका जावचा आसला तर जावा... मी कायेक म्हणूचंय नाय.”

अक्षयाला त्या रात्री झोप लागली नाही. भीती होतीच. पण भीतीच्या आड तिला राहून राहून तो शेवगा दिसत होता. तेव्हा कुणी नुसतं फाटकापर्यंत नेलं असतं तरी तिनं त्याचे पाय धरले असते. सकाळी तिनं बॅगेतून कॅमेरा परत बाहेर काढला आणि भाईंना म्हणाली, “आज तुमच्या होडीतून खाडीत जाऊ या.”

भाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते दोन फळ्या आणि दोरखंड शोधायला गेले.

उन्हं कलल्यावर अक्षया पडवीच्या कडेला आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. समोर बघतच ती दबक्या आवाजात बोलली. “विमलाक्का, मी अक्षया. उतारावर खुर्ची जोरात सुटते. घट्ट धरून बसा.”

खुर्ची जड झाली. तिचे हात थांबले नाहीत. बेड्यापाशी चाकं अडली, तशी ती म्हणाली, “आहे मी. चला.” आणि आतून कुणी सोडलेला श्वास असावा तशी खुर्ची सैल पडून पुढे सरकली. नारळाखालच्या वाटेनं धक्क्यापर्यंत जाताना अक्षया घामानं निथळली. एवढं ओझं तिनं आयुष्यात ओढलं नव्हतं.

भाईंनी फळ्यांवरून खुर्ची होडीत घेतली, चाकं दोरखंडानं बांधली आणि होडी लोटली. मग वाकून होडीच्या काठाकडे बघितलं. पाणी काठापासून जेमतेम दोन बोटं खाली होतं.

“आज होडी खाली बसली,” ते पुटपुटले.

“सामान जास्त झालं का?”

“सामान तितक्याच आसा.” वल्हं मारताना त्यांचे ओठ हलत होते.

खाडी शांत होती. पलीकडच्या तीरावरून देवळातली घंटा एकदा ऐकू आली आणि विरली. ओहोटीनं कांदळवनाची मुळं उघडी पडली होती, त्यांना काळ्या चिखलाचा नि शेवाळाचा वास होता. भाईंनी वल्हं वर घेतलं. मग बारीक शीळ आली. मुळांच्या जाळीतून एक चपटं, ओलं डोकं वर आलं, मागोमाग दुसरं, मग पिल्लं. एकानं मासा मुळावर आणून मचमच खायला सुरुवात केली.

अक्षयानं कॅमेरा डोळ्याला लावला. याच दृश्यासाठी ती एवढ्या लांब आली होती. बोट बटणावर टेकलं, आणि तिच्या लक्षात आलं की डोळ्याला लावलेली ती लांब लेन्स मांडीवर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आडवी येत असणार. तिनं कॅमेरा उचलून बाजूला ठेवला. हात मांडीवरून काढून घेतले. समोरचं सगळं मोकळं केलं.

पाणमांजरं पळाली नाहीत. ती पोहत पोहत होडीच्या अगदी जवळ आली, पाण्यात उभी राहिली आणि सगळी एकाच जागी बघू लागली. अक्षयाच्या चेहऱ्याच्या किंचित खाली. खुर्ची थरथरत होती. कुठूनतरी, अगदी कानाशी, एक हसू आलं. म्हातारं नव्हे, लहान मुलीचं.

भाईंनी तोंड फिरवलं आणि पंचा डोळ्यांना लावला.

मग खुर्ची हलकी झाली. एकदम. आणि होडीचं पुढचं टोक हळूच खाली गेलं, कुणी पुढे जाऊन बसावं तसं.

परतल्यावर भाईंनी फळ्या टाकल्या. अक्षया एका दमात धक्क्यावर आली. इतकी हलकी खुर्ची तिला परकीच वाटली. काळोख दाटत होता. भाई धक्क्यावर उभे राहून होडीकडे बघत होते. होडी रिकामी होती, आणि पाण्यातून वर आली नव्हती.

“आक्का,” त्यांनी हाक मारली. “चल गो. काळोख पडता.”

पाणी स्तब्ध होतं.

“चल, घराक जावया...” थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग चपला काढून ठेवल्या. “बरा, ऱ्हव. तुका आणखी बघूचा आसा मां?” अक्षयाकडे वळून ते हसले. त्या हसण्यात फार दिवसांचं काहीतरी मोकळं झालं होतं. “तुमी फुडे व्हा, ताई. आमी येतंव मागसून.”

ते होडीत उतरले, मधल्या फळीवर बसले आणि दोर सोडला. कांदळवनाच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत राहिला. ते काहीतरी दाखवत होते, थांबत होते, मग उत्तर मिळाल्यासारखे पुन्हा बोलत होते.

वाटेत राधाबाई बॅटरी घेऊन धावत येताना भेटल्या. “हे खंय?”

“होडीत... फेरी मारून येतो म्हणाले.”

“दोगांय?”

“हो.”

राधाबाईंनी तिथेच खाडीकडे बघून हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या वर्षांनी घरावरचं काही उतरल्यासारखा त्यांचा चेहरा निवळला होता. त्या चेहऱ्याकडे बघून अक्षयाला पुढचं सांगवेना. भाई अंगानं चांगले भरलेले. ते होडीत चढले तेव्हा तिची नजर होडीच्या काठावरच होती. पाणी दोन बोटं खालीच राहिलं. भाईंना वजनच उरलं नसावं, तशी होडी केसभरही खाली गेली नाही.