गवतातले सहा खुंट

"शिरीषकाका, गवत वाढलंय!" फोनवर ऋचाचा आवाज थरथरत होता.

"मग पेढे वाट. रडतेस कशाला?"

"ते वाढूच शकत नाही, लाह! एप्रिलमध्ये शंभरात बावीस होतं. आज एकसष्ट. आणि मीटिंग आज संध्याकाळी आहे!"

घाबरली की तिच्या मराठीत इथल्या इंग्रजीतलं 'लाह' घुसायचं. शनिवारची सकाळ होती. शिरीष तुआसच्या गोदीत जहाजांचे तळ तपासायचा. सुट्टीच्या दिवशी समुद्राचं तोंड बघायला तो सहसा राजी नसे. पण पोरगी रडत होती, म्हणून पुंगोलच्या किनाऱ्यावर गेला.

ओहोटी होती. गुडघाभर पाण्याखाली समुद्रगवत, आणि त्यात सहा लोखंडी खुंट. दर तीन महिन्यांनी खुंटांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीखालचं गवत मोजायचं. अनघाताईंनी दहा वर्षं हे व्रतासारखं चालवलं होतं; हल्ली ऋचा त्यांच्या मदतीला असायची. आता संध्याकाळच्या मीटिंगमध्ये किनाऱ्याचा नवा आराखडा ठरणार होता आणि तिथे होड्यांसाठी जेटी येणार होती. गवत तिसापेक्षा कमी भरलं, तर खांब ठोकण्याआधी गाळ अडवणारा पडदा लावायचा. जास्त भरलं, तर गवत दणकट समजून पडदा रद्द. पडदा नसला की सगळं गवत गाळाखाली गुदमरणार, हे उघड होतं.

"कोणीतरी खुंट उपटून दाट गवतात रोवलेत," ऋचा म्हणाली. "फोनच्या जीपीएसवर कळतच नाही, तो दहा मीटर इकडेतिकडे करतो. हे निशिकांतकाकांचंच काम! त्यांना जेटी हवीय. मी मे-जून पुण्यात होते, तेवढ्यात साधलं त्यांनी."

शिरीष खुंटाशी वाकला. वर जुन्या बार्नेकलचा, चिकटून वाढणाऱ्या बारक्या शंखांचा, जाड थर होता, जहाजाच्या तळाला असतो तसा टणक. त्याखाली, वाळूला लागून, वीतभर पट्टा जवळजवळ कोरा. त्यावर मसुरीएवढे बारके बार्नेकल नुकते धरलेले. सहाही खुंटांवर तेच.

"हं," तो म्हणाला. "पाणी मुरतंय खरं."

निशिकांत वरच्या वाटेवरच भेटला. होड्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी, आडदांड गडी.

"खुंट तुम्ही हलवलेत?"

"मी? जेटी हवी हे मी तोंडावर सांगतो. चोरून कशाला करू?"

"तिसाची अट कधी कळली तुम्हाला?"

"सगळ्यांना कळली तेव्हाच, दोन आठवड्यांपूर्वी. तोवर मला वाटायचं, हिरवंगार गवत दिसलं की आपल्या जेटीचं बोंबललंच."

दुपारी शिरीषने दोघांनाही तोआ पायोहला अनघाताईंच्या फ्लॅटवर बोलावलं. जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. डाव्या हातानेच त्यांनी किटली उचलली. चहा बशीत सांडला.

"खुंट कोणी रोवले होते, ताई?"

"आमच्या ह्यांनी. हातभर खोल. वारायच्या आदल्या वर्षी."

"आणि उजवा खांदा?"

"धरलाय. वर्ष झालं."

"मग निशिकांतकाकांना विचारा ना!" ऋचा उसळली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, बाळ." शिरीषने कप खाली ठेवला. "मसुरीएवढे बार्नेकल दोन आठवड्यांत होत नाहीत. दोन महिने लागतात. जन्म गेला माझा ते खरवडण्यात. म्हणजे खुंट मेमध्ये हलले. तेव्हा तिसाची अट कुणालाच ठाऊक नव्हती. निरोगी गवत दिसलं तर किनारा वाचेल, असंच सगळे समजत होते. जेटी हवी असलेला माणूस तेव्हा गवत कशाला वाढवून दाखवेल?"

निशिकांतने सुस्कारा सोडला.

"ज्याने हलवले त्याला गवत वाचवायचं होतं. आणि त्याच्या हातात जोर नव्हता. पूर्वी वाळूत गाडलेला वीतभर भाग आता उघडा पडलाय, कारण खुंट पहिल्याइतके खोल गेलेच नाहीत. निशिकांतने ते एका घावात बसवले असते. ऋचा पुण्यात होती. राहिलं कोण, ताई?"

अनघाताईंनी बशीतला सांडलेला चहा कपात ओतला.

"बावीस आकडा बघून घाबरले रे," त्या म्हणाल्या. "वाटलं, मेलेल्या गवताला कोण वाचवतंय? आराखड्याच्या मसुद्यात तिसाची अट वाचली तेव्हा पायाखालची वाळू सरकली. खुंट परत न्यायला दोनदा गेले. पहिल्यांदा उपटतानाच खांदा पुरता गेला होता, आता उपटताच येईनात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती."

"मग आज सकाळी मला का नाही सांगितलंत, मावशी?" ऋचाचे डोळे भरले.

"लाज वाटली."

"ताई, एक खोटा आकडा निघाला की दहा वर्षांच्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवणार नाही," शिरीष म्हणाला. त्याला ते बोलताना स्वतःचाच राग आला. "पण गप्प बसलात तर पडदा जातो."

संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये अनघाताई माइकपाशी गेल्या आणि इंग्रजीत, वर्गात शिकवावं तसं, सगळं सांगून टाकलं. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. आराखडा ठरवणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला.

"मग आम्ही तुमच्या सगळ्याच नोंदी बाजूला ठेवू, मॅडम. पहिल्या वर्षापासूनच्या. मोजणी आमची माणसं नव्याने करतील. आणि ती होईपर्यंत पडद्याशिवाय एकही खांब ठोकला जाणार नाही."

"पहिल्या वर्षीची मोजणी ह्यांनी केली होती," अनघाताई म्हणाल्या. "तेवढी खरी होती."

"आता ते सांगता येणार नाही, मॅडम."

अनघाताईंनी मान हलवली. "बरोबर आहे. काढून टाका," त्या म्हणाल्या, आणि बाईंनी पुढे केलेल्या, नोंदी मागे घेण्याच्या कागदावर सही केली.