सतरा नंबरचा माणूस

"तुम्ही कोणाशी बोलताय?"

रोवेना टॅकेट दचकली. लाँड्रीत आपल्याशिवाय कोणी नाही असं समजून ती गेली दहा मिनिटं गरगर फिरणाऱ्या मशीनच्या काचेशी बोलत होती. नुसतं बोलत नव्हती, हातवारेही करत होती. मागे एक उंच माणूस केसाळ ब्लँकेटांचा ढीग छातीशी धरून उभा होता. ढिगाच्या वर फक्त त्याचे डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

"मशीनशी," ती म्हणाली. "उद्या बारा माणसांसमोर बोलायचंय. सराव चाललाय."

"मग मशीनचं मत काय पडलं?"

"अजून विचार करतंय."

तो मोकळं हसला आणि ब्लँकेटं दोन मशीनांत कोंबू लागला. कुत्र्यांच्या वासाने लाँड्री भरून गेली. बाहेर डोंगरावरून धुकं उतरत होतं, रिपरिप चालू होती, आणि रविवारी दुपारी त्या गावात दुसरं काही उघडंही नव्हतं. नदीपलीकडच्या काउंटीत बेवारस कुत्र्यांचं आश्रयघर आहे, ते मी चालवतो, तिथलं मशीन परवा बंद पडलं, असं त्याने सांगितलं तेव्हा रोवेनाचा जीव भांड्यात पडला.

का पडला तेही सांगायला हवं. ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, खटला उभा राहायचा असतो, तिथल्याच रहिवाशांतून ज्युरीची बारा माणसं निवडतात; म्हणून तिथे वकिलाने आदल्या दिवशी कोणापाशी ब्रही काढायचा नसतो. समोरचा माणूस उद्या ज्युरीत बसायचा, आणि सगळंच मुसळ केरात. रोवेना तर कोर्टाच्या लिफ्टमध्येसुद्धा स्वतःच्या बुटांकडे बघत उभी राहायची. पण हा पडला पलीकडच्या काउंटीतला, तो या ज्युरीत येणं शक्यच नव्हतं. अकरा वर्षं प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या बाईने एवढा एकच प्रश्न विचारला नाही... की बाबा रे, काम तिकडे, पण तुझं घर कुठे?

"मला ऐकवा की," तो म्हणाला. "कुत्री दिवसभर मला गाऱ्हाणी सांगतात. ऐकायची सवय आहे."

तिने ऐकवलं. नावं गाळून, पण सगळं. सव्वीस वर्षं कोळशाच्या खाणीत राबलेला एक माणूस. तोंडावर रोज बांधलेला धूळ अडवणारा मास्क, आणि धूळ आत शिरणार नाही असं त्याच्या खोक्यावर छापलेलं वचन. धूळ आत शिरत होती, हे मास्क बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक होतं. आता तो माणूस प्राणवायूची टाकी ओढत चालतो, आणि स्वतःच्या घराचा जिना त्याला चढवत नाही. बोलून झालं तेव्हा समोरचे डोळे हसत नव्हते.

"तुम्ही जिन्याशी आलात की घाई करता," तो हळूच म्हणाला. "घाबरता का?"

हे आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं. दूर लेक्सिंग्टन शहरात तिचं घर होतं, म्हणजे एक पलंग आणि फायलींचे खोके. तिथे विचारायला होतंच कोण!

"हो," तिच्या तोंडून निघून गेलं. "दर वेळी. अन्न उतरत नाही, हात बर्फ होतात. या वेळी तर... चार वर्षं तारखा पडताहेत. पुढची पडली तर थेट ऑक्टोबरची, आणि डॉक्टर म्हणतात त्याचा उन्हाळाही निघणार नाही. त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचंय हो. ते राहून गेलं तर?"

ड्रायरमधून नुकतं निघालेलं एक ऊनऊन ब्लँकेट त्याने तिच्या हातांवर टाकलं आणि वरून आपले दोन्ही हात घट्ट दाबून धरले. किती वेळ, कोण जाणे! तिने धुवायला आणलेला ब्लाऊज केव्हाच वाळला होता. अंधारून आलं तशी ती गडबडीने निघाली, आणि नाव विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तो कोर्टात बसला होता, दुसऱ्या रांगेत. छातीवर कागदी बिल्ला... सतरा.

रोवेनाच्या पायांखालची जमीन सरकली. पुढ्यातल्या यादीत सतराव्या ओळीवर होतं: लायल साइझमोर, राहणार याच काउंटीत, नोकरी नदीपलीकडे. ज्युरीसाठी बोलावलेली चाळीस माणसं समोर होती. तिच्या शेजारी तिचा अशील, डेन्व्हर कॉडिल, नाकात नळ्या घालून बसला होता. टाकीचा फुस्-फुस् आवाज तिला स्वतःच्या छातीत ऐकू येत होता. डेन्व्हरने त्या दिवसासाठी बायकोकडून नवा शर्ट इस्त्री करून घेतला होता.

जज्ज प्रेटरबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. या वकिलांपैकी कोणाला ओळखणारं कोणी आहे का? कधी कोणी त्यांच्याशी बोललंय का?

सतरा नंबरचा हात हलला, गुडघ्यावरून अर्धा वर आला. त्याने रोवेनाकडे पाहिलं, आणि... काय सांगावं! तिची मान किंचित हलली. नाही. तिने ठरवून केलं नाही, भीतीने केलं. पण केलं. आणि त्याने हात खाली घेतला, कारण तिने तसं खुणावलं होतं.

आपल्या बाजूचा एक माणूस ज्युरीत आयता मिळत होता, कोणाला कळलंही नसतं. आणि कळलं तर? खटला जागीच बाद. खरं बोलावं तर कंपनीचा वकील आत्ता उठेल, चाळीसच्या चाळीस माणसं घरी पाठवा म्हणेल. म्हणजे पुन्हा तारीख, म्हणजे ऑक्टोबर. दोन्हीकडून डेन्व्हरच मरत होता. आणि त्या दुसऱ्या रांगेतल्या भल्या माणसाला आपण एका नजरेत खोटं वागायला लावलं, याची तिला एवढी लाज वाटली की खुर्चीत बसवेना.

ती उठली. "जज्जसाहेब, आत येऊन बोलायचंय. सतरा नंबरलाही बोलवा."

आतल्या खोलीत जज्जबाई, स्टेनो, कंपनीचा वकील ब्रॅनम, रोवेना आणि लायल. रोवेनाने सगळं सांगितलं. लाँड्री, भाषण, न विचारलेला प्रश्न, आणि शेवटी ती मानेची खूण.

"ती मी पाहिली," प्रेटरबाई म्हणाल्या. "वरून सगळं दिसतं मला. कोण उठतंय याचीच वाट बघत होते."

त्यानंतर त्यांनी तिला पाच मिनिटं असं काही झोडपलं की ब्रॅनमसुद्धा छताकडे बघू लागला. पण संधी सोडेल तो ब्रॅनम कसला! या गृहस्थाने बाहेर बाकावर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळी हकिगत सांगितली असणार, तेव्हा सगळ्यांनाच घरी पाठवा आणि नवी तारीख द्या, असं त्याने अगदी गोड आवाजात मागितलं. रोवेनाने डोळे मिटून घेतले. तिच्या हातांत बोटं आहेत की नाहीत हेही तिला कळत नव्हतं.

लायलने शपथ घेतली. जज्जबाईंनी विचारलं, "खटल्याबद्दल कोणापाशी बोललात?"

"नाही. कोणत्याच माणसापाशी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... कुत्र्यांना सांगितलं."

"खटला?"

"खटला नाही, जज्जसाहेब. बाई भेटली ते सांगितलं."

स्टेनोची बोटं थांबली. "लिहा, लिहा," जज्जबाई म्हणाल्या. "काय सांगितलं ते पूर्ण सांगा. शपथेवर आहात."

लायल कानांपर्यंत लाल झाला. त्याने एकदा रोवेनाकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "की तिचे हात गार होते. की ती घाबरते आणि तरी जाते. की नाव विचारायला मी विसरलो, माझ्यासारखा गाढव मीच, म्हणून संध्याकाळी दोनदा गाडी घेऊन लाँड्रीवरून गेलो. बंद होती."

जज्जबाईंनी पुढचं विचारलं.

"या खटल्यात तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल?"

"छे. कोळसा बाजूलाच राहू द्या. या बाईंनी मंगळावर माणसं राहतात म्हटलं, तरी मी यांच्या बाजूने मत देईन."

जज्जबाईंनी चष्मा काढून पुसला. सतरा नंबर मोकळा, म्हणाल्या. बाकीचे एकोणचाळीस बसून राहतील, खटला आजच उभा राहील. मात्र निकाल लागेपर्यंत या दोघांनी एकमेकांशी एक अक्षरही बोलायचं नाही, नाहीतर ब्रॅनमसाहेबांना हवी ती तारीख मी स्वतः देईन. रोवेना भिंतीला हात टेकत बाहेर आली. जीव वाचला होता, पण टांगणीलाच होता.

नऊ दिवस खटला चालला. लायल रोज दुपारी येऊन शेवटच्या बाकावर बसायचा, कोटावर कुत्र्यांचे केस. ती वळून बघायची नाही. तरी तो आला की तिला कळायचं. कसं? ते तिलाही सांगता आलं नसतं. रोज सकाळी मात्र ती आत शिरताच आधी बघायची, डेन्व्हरची खुर्ची रिकामी तर नाही?

तिसऱ्या दिवशी डेन्व्हरने साक्ष दिली. चाळीस मिनिटं, दर वाक्यानंतर थांबून, श्वास गोळा करून, त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. सातव्या दिवशी खुर्ची रिकामी होती. त्याला इस्पितळात नेलं होतं. नवव्या दिवशी ज्युरी परतली, निकाल डेन्व्हरच्या बाजूने लागला, आणि रोवेनाला जिंकल्याचं काहीच वाटलं नाही. तो ऐकायला आहे ना, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. इस्पितळातला फोन कोणी उचलेना.

ती धावत बाहेर आली. गाडीची किल्ली कुलपात जाईना. मागून कोणीतरी ती किल्ली हळूच काढून घेतली.

"निकाल लागलाय," लायल म्हणाला. "आता बोललेलं चालतं. बसा, मी नेतो."

वळणावळणाच्या रस्त्याने गाडी निघाली. काच पुसली तरी धुकंच दिसत होतं.

"उशीर झाला असला तर?" ती म्हणाली.

"तर मी बरोबर आहे. नसला झाला, तरी आहे."

"मी अशीच आहे हो. हा खटला संपला की पुढचा, आणि पुन्हा हेच. ही भीती काही जात नाही. आधीच सांगून ठेवते."

"ठाऊक आहे. पाहिलंय मी नऊ दिवस, मागून."

ती रडली, मग रडता रडता हसली, आणि उरलेला सगळा रस्ता तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

डेन्व्हर जागा होता. चेहरा पांढराफटक, पण डोळे दाराकडे. रोवेनाने त्याच्या कानाशी वाकून निकाल सांगितला. त्याने डोळे मिटले, आणि ती घाबरली. मग मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळलं, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि तिच्या मागे पाहिलं.

"हा... कोण, पोरी?"

बारा माणसांसमोर न अडखळणारी रोवेना अडखळली. "हा लायल," ती म्हणाली. "आमचं आत्तापर्यंत दीड तास बोलणं झालंय. पण... हा माझा आहे. असं मला वाटतंय."

मागून लायलचा हात तिच्या खांद्यावर आला.

डेन्व्हरने श्वास गोळा केला. आता त्याच्याकडे फार श्वास उरले नव्हते, आणि तो ते उगाच खर्च करत नसे.

"मग माझ्यापाशी... काय करताय?" तो म्हणाला. "जा की... दोघं."