अकरा टक्क्यांची खोली

डेल्फीन गोतिए दार उघडते न उघडते तोच म्युरिएल हॅच आत आल्या आणि घरपट्टीचं बिल त्यांनी टेबलावर आपटलं.

"मी माझ्याच घरात राहत नाही, असं सरकारला कोणीतरी कळवलंय. कोणी ते मला ठाऊक आहे. फक्त पुरावा हवाय."

वेंडेलने चष्मा चढवून बिल पाहिलं. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला वेंडेल आता डेल्फीनची गाडी चालवायचा आणि फुकटचे अंदाज बांधायचा. डेल्फीन अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याच्या कर खात्यातून बाहेर पडून खासगी तपास करू लागली होती. बिलात म्युरिएलबाईंचं घर परगावच्या मालकांच्या यादीत गेलं होतं, म्हणजे बर्फात घसरायला चार दिवस येणाऱ्या बॉस्टनवाल्यांच्या पंगतीत. सवलत बुडाली होती आणि वर दंड. शिवणकामावर जगणाऱ्या विधवेला ही पट्टी झेपणार नव्हती. दुरुस्तीची मुदत उद्या संपत होती. ती हुकली तर घर विकावं लागणार होतं.

"तुम्ही तिथंच राहता, हे सरकारला कोण कळवायचं?" डेल्फीनने विचारलं.

"माझा नवरा, रॉय, कळवायचा. त्याला जाऊन दहा वर्षं झाली. एकदा सांगितलं की झालं ना?"

डेल्फीन नुसतीच हसली आणि तिने संशय कोणावर ते विचारलं. शेजारच्या एव्हरेट कोलबर्नवर, बाई म्हणाल्या. घरं मोजून किमती ठरवणारा तो गावचा मोजणीदार होता. रॉय अंथरुणावर असताना तो फीत घेऊन आला, नवी शिवणखोली मोजून गेला आणि घराची किंमत वाढवली. त्याआधी रॉयसाठी दोन्ही घरांचे कराचे कागद तोच बाईंच्या टेबलाशी बसून भरून द्यायचा. त्या दिवसापासून बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

बाईंची लेखी परवानगी घेऊन डेल्फीनने आपल्या जुन्या कर कचेरीत फोन लावला. उत्तर ऐकून वेंडेल खुर्चीत सरळ बसला. नऊ वर्षं बाईंच्या नावाने अर्ज आला होता, वाचनालयातल्या संगणकावरून, दर मार्चात गावसभेच्या मंगळवारी, सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान. घराचा किती भाग धंद्यासाठी, या रकान्यात दर वेळी एकच आकडा होता: अकरा टक्के. यंदा अर्ज आलाच नव्हता.

"मी एकही भरलेला नाही," म्युरिएलबाई चक्रावल्या. "आणि अकरा कुठून आले? मी कधी मोजलं नाही. शिवाय वाचनालय सांभाळायला रोज बिनपगारी मीच बसते. फक्त सभेच्या दिवशी दार उघडं ठेवून सगळ्यांच्या जेवणासाठी बीन्स शिजवायला जाते."

"म्हणजे चोराने बाईंच्या नावाने अर्ज भरले, आणि मग..." वेंडेल अडखळला.

"मग काय चोरलं?" डेल्फीनने विचारलं.

पहिला गाठला तो म्युरिएलबाईंचा भाचा ड्वाइट. आत्याचं घर घेऊन स्कीवाल्यांना भाड्याने द्यायचं त्याच्या मनात होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही. पण गावसभेचा अध्यक्ष तोच. बरोबर नऊला हातोडा आपटून सभा सुरू करतो आणि दुपारपर्यंत जागचा हलत नाही.

गावची कारकून लोर्ना स्टाइल्स तिथंच बसून इतिवृत्त लिहिते. तिने जुनी वही उघडून दाखवली.

"नऊ वर्षांपूर्वी एव्हरेटचं मोजणीदारपद एका मताने गेलं. स्वतःचं मत टाकायलाही वेळेवर पोचला नाही तो. तेव्हापासून नेमका जेवणाला उगवतो. आम्ही खूप चिडवतो त्याला."

एव्हरेट कुबडी टेकत दार उघडायला आला. फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फावर घसरून खुबा मोडला आणि एप्रिलअखेरपर्यंत इस्पितळात होतो, असं त्याने सांगितलं. पुढचं विचारण्याआधी डेल्फीनने वेंडेलला म्युरिएलबाईंना आणायला पाठवलं. त्या आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या.

"कोणी काही बिघडवलं नाही, म्युरिएलबाई," डेल्फीन म्हणाली. "आपल्या राज्यात आपण आपल्या घरात राहतो, हे दर वर्षी नव्याने कळवावं लागतं. तुम्हाला ते माहीत नव्हतं. कोणीतरी तुमच्यासाठी ते करत होतं आणि यंदा त्याला जमलं नाही. तुमचे खाते क्रमांक त्याला पाठ होते, कारण तुमचे कागद तोच भरायचा. शिवणखोली घराच्या किती टक्के, हे फीत धरणाऱ्यालाच ठाऊक. वाचनालयात तुम्ही नसता असा वर्षात एकच दिवस. त्या दिवशी नऊला ड्वाइट आणि लोर्ना सभेत असतात. सभेत नसतो तो एकच माणूस, आणि यंदाच्या मार्चात तो इस्पितळात होता."

वेंडेलच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. म्युरिएलबाई उंबरा ओलांडून आत आल्या.

"तुझे कागद सांभाळायचं वचन रॉयने घेतलं होतं," एव्हरेट खाली बघत म्हणाला. "खोलीची किंमत लावली ती नियमाने लावली. नियमाने मिळणारी सवलत का सोडायची? यंदा घरी आल्यावर छापील अर्ज मागवला होता. पण कागदावर तुझी सही करायचा धीर झाला नाही. आणि तुला सांगायला आलो असतो, तर तू दार उघडलं असतंस?"

"नसतं उघडलं," म्युरिएलबाई म्हणाल्या. "तू एका मताने पडलास तेव्हा मी तुझ्याविरुद्ध हात वर केला होता, एव्हरेट. आणि तू तेव्हा माझाच अर्ज भरत होतास."

त्यांचे डोळे भरून आले. "माझं घर तू राखलंस. तुझे उपकार मी फेडू शकत नाही."

एव्हरेटने खणातून तो कोरा अर्ज काढला. त्याच्या टेबलावर म्युरिएलबाई तो पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने भरू लागल्या. एका रकान्यापाशी त्यांनी मान वर केली.

"अकरा?"

"अकरा. मीच मोजली होती."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आकडा लिहिला, सही केली. सकाळी अर्ज कचेरीत पोचवायचं वेंडेलने अंगावर घेतलं.

"मार्चात पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची धरते," म्युरिएलबाई उठता उठता म्हणाल्या. "मोजणीदारपदासाठी तुझं नाव मी सुचवणार आहे. नऊच्या आत ये."