आवाज मरतो ती दिशा

आप्पांच्या रेडिओत नवे सेल घालायला मी दुपारी त्यांच्याकडे गेले, एवढंच निमित्त. आप्पा माझे थोरले काका. भौतिकशास्त्रातली पदवी घेतलेली पुतणी सेल बदलण्यापुरती हुशार, असं ते समजायचे.

मी काटा फिरवला. खरखरीतून बाईचा आवाज आला.

"दादा... झाकण काढ ना... काळोख आहे रे..."

कुसुमआत्या! लहानपणी मला झोपवणारा आवाज मी कसा विसरेन? आप्पांना ती दादाच म्हणायची. मी सात वर्षांची असताना ती 'मुंबईला गेली'. त्याच आठवड्यात आप्पांनी परड्यातल्या विहिरीवर सिमेंटचं झाकण ओतलं. पाणी मचूळ झालं म्हणे. माझे बाबा मरेपर्यंत बहिणीचा पत्ता विचारत राहिले.

"मुंबईचं नाटक असेल. बंद कर," आप्पा म्हणाले.

"मुंबईचंच का, ते आत्ता कळेल."

"कळून काय करणार गो तू?"

मध्यम लहरींच्या रेडिओत एक काळी कांडी असते. तोच त्याचा कान. लहर कांडीला आडवी आली की आवाज मोठा. टोक थेट प्रक्षेपण केंद्राकडे वळलं, की आवाज मरतो. पडवीत मी रेडिओ हळूहळू फिरवला. कांडी उत्तरेकडे होताच आवाज मेला.

"उत्तरेलाच मुंबई. झालं समाधान?" आप्पा हसले.

पण उत्तरेला विहीरही होती. मी वळसा घालून विहिरीच्या पूर्वेला, फणसाखाली गेले. मुंबई असती तर दिशा उत्तरच राहिली असती. इथे आवाज मेला तो कांडी पश्चिमेला, झाकणावर रोखल्यावर.

भर उन्हात शेवाळाचा ओला वास आला. आप्पा मागोमाग आले होते.

"आप्पा, हे झाकण फोडायचं."

"मेलेल्याला उकरू नये, बाय..."

"कोण मेलं, आप्पा?"

मुलींनी विचारायचं नसतं, हेच त्यांचं कायमचं उत्तर. पाठ फिरवून ते घराकडे निघाले.

आणि माझ्या हातातला मुका रेडिओ पुन्हा बोलू लागला. मी जागची हललेसुद्धा नव्हते.

"दादा... थांब ना..."

मी कांडी आप्पांच्या पाठीवर धरली. आवाज मेला. ते चालत होते, तसा रेडिओ मला फिरवत न्यावा लागत होता. ते पडवी चढले. आत गेले. कडी लावली.

त्यांना हाक मारावी, असं मला वाटलं नाही.

विहिरीवरचं झाकण तसंच होतं. कुठे साधी चीरही नव्हती.