केशरबाईंची पावलं

आईसाठी फिटनेस बँड घ्यायचा ठरला, तेव्हा पौर्णिमानं आधी कागद घेऊन गरजा लिहून काढल्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ती माती तपासायची; नमुना चुकीचा घेतला की पुढची सगळी मेहनत वाया, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. नाडी मोजणारा हवा. झोप मोजणारा हवा. चार्जिंग आठवडाभर टिकायला हवं, कारण अमरावतीला आईचं सगळं भावनावहिनी एकटीच करायची. पट्टा मऊ हवा. आईची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती.

शेवटी तिनं लिहिलं, पावलं मोजायची गरज नाही.

केशरबाईंना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. डावी बाजू पार गेली. फ्रेजरपुऱ्यातल्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर त्या पडून असत. बोलणं जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं.

"पावलं तर सगळ्यांतच येतात, मॅडम," दुकानदार म्हणाला. "तुम्ही त्याच्याकडं पाहू नका."

डिसेंबरात बँड आईच्या उजव्या मनगटावर चढला. त्याचे आकडे अकोल्यात पौर्णिमाच्या फोनवर येऊ लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी, मातीच्या पुड्यांवर चिठ्ठ्या लावता लावता तिनं सहज फोन पाहिला. नाडी ९८. पावलं ३१२.

तिनं वहिनीला फोन लावला.

"झोपून हायेत ना आई. मी इथंच तांदूळ निवडून राहिलो."

पलंग हलत असेल, पंख्याची थरथर असेल, असं पौर्णिमानं ठरवलं. पण आकडा रोज अडीच वाजता सुरू व्हायचा आणि आई जागी झाली की थांबायचा. कंपनीच्या माणसानं फोनवर हात बदलून बघायला सांगितलं. वहिनीनं बँड डाव्या मनगटावर बांधला. तो हात दोन वर्षांत बोटभरही हलला नव्हता.

त्या दुपारी अकराशे चाळीस पावलं झाली.

जानेवारीत तिनं तो बँड परत केला आणि दुसऱ्या कंपनीचा महागडा घेतला. त्यात जागा दाखवायची सोय होती. बँड घरातच आहे हे एकदा नकाशावर दिसलं, की मनाचा खेळ मिटेल असा तिचा हिशेब. दुपारी अडीचला नकाशा उघडला. फ्रेजरपुऱ्यात काहीच नव्हतं. निळा ठिपका वलगावच्या पुढं, परतवाड्याच्या रस्त्यावर होता आणि हळूहळू उत्तरेला सरकत होता.

"वहिनी, बँड कुठं आहे?"

"आईच्या हातात. हा काय, बोट लावून राहिलो मी त्याले."

पौर्णिमानं आधीच्या सगळ्या दुपारांची पावलं जोडली. म्हातारीचं पाऊल केवढं असेल, याचा अंदाज धरला. अंतर आलं घरापासून वलगावपर्यंतचं.

शनिवारी ती अमरावतीला गेली आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसली. अडीचला आईचा डोळा लागला. पौर्णिमानं एका हातात तिचा हात धरला, दुसऱ्यात फोन. पावलं चार, पाच, सहा. पाय चादरीखाली लाकडासारखे होते. नाडी चढत गेली. कपाळावर घाम आला, ओठ कोरडे पडले, आणि श्वास असा येऊ लागला जसा चढावर चालणाऱ्याचा येतो. पौर्णिमानं हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. आई उठली नाही. साडेचारला आपोआप डोळे उघडले आणि घटाघटा दोन गिलास पाणी प्याली.

"आई, कुठं गेली होती?"

"मले कुठं जानं हाय? पाय तरी हायेत का मले?" केशरबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाल्या, "मांगून ते बाई येते ना. थांबताच येत नाई."

"कोन बाई?"

"मांगं पाह्यलं तं कळंन ना."

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, सगळं वयाला धरून आहे म्हणाले. वजन मात्र महिन्यात पाच किलो उतरलं होतं. दुपारी जागं ठेवायला वहिनी टीव्ही लावायची, गप्पा मारायची, चिमटेसुद्धा काढायची. अडीचला डोळे मिटायचेच.

पौर्णिमानं मग बँडच काढून टाकला. आठवडा बरा गेला, म्हणजे तिचा. वहिनीनं फोन केला तेव्हा तिचा आवाज रडका होता. "ताई, आता सहा वाजेपर्यंत उठत नाईत. काल तं मले वाटलं..."

बँड पुन्हा बांधला. ठिपका आसेगावजवळ पूर्णेच्या पुलाशी पोचला होता.

फेब्रुवारीच्या शेवटी पौर्णिमानं सुट्टी टाकली आणि परतवाड्याची एस. टी. पकडली. पूल ओलांडून, आदल्या दिवशी ठिपका थांबला होता त्याच्या अर्धा किलोमीटर पुढं, उतरली. करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. पण आई चालतेय, तर वाटेत कुणीतरी उभं असावं, एवढंच तिला कळत होतं.

कडक ऊन होतं. एका बाजूला हरभरा सोंगून ठेवलेला, दुसऱ्या बाजूला संत्र्याची बाग. बहर ओसरत आलेला, तरी वास होता. ट्रॅक्टर गेला, दोन मोटरसायकली गेल्या. मग रस्ता रिकामा झाला.

अडीचला ठिपका हलला.

तीनला तो तिच्यापासून दोनशे पावलांवर होता. समोर डांबरावर ऊन थरथरत होतं. माणूस नव्हता, सावली नव्हती.

पन्नास पावलं. नाडी ९६.

बागेतल्या होला पक्ष्यांचं घुमणं थांबलं.

दहा.

"आई," ती म्हणाली. रिकाम्या रस्त्यावर आपलाच आवाज तिला परका वाटला.

नाडी १२८ झाली. ठिपका तिच्यापाशी आला आणि थांबला. आई झोपेत असताना दीड महिन्यात पहिल्यांदाच थांबला.

फोन वाजला. वहिनी होती. "ताई, आई झोपीतच हासून राहिल्या!"

पौर्णिमानं हात पुढं केला. हवा उन्हासारखीच तापलेली होती.

मग पाठीकडून, अगदी जवळून, कुणीतरी धापा टाकावं तसा आवाज आला. ती वळली. कोणी नव्हतं.

तिनं फोन पाहिला. ठिपका नव्हता. रस्त्यावर नव्हता, पुढं नव्हता, मागं नव्हता. तो फ्रेजरपुऱ्यात घरावर होता.

"उठल्या, ताई!" वहिनी ओरडत होती. "आई उठल्या! चहा मांगून राहिल्या!"

पौर्णिमा रस्त्याच्या कडेला बसून रडली. संध्याकाळी घरी गेली, तेव्हा केशरबाईंनी उजव्या हातानं तिचा चेहरा चाचपला. "काऊन उभी राह्यली वं तू तिथं?" त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पौर्णिमाला ते आनंदाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. दुपारी मातीचे नमुने चाळत बसली होती. एवढंच तिला आठवत होतं.

"मॅडम. मॅडम!" शेजारच्या टेबलावरची मंजुषा तिला हलवत होती. "केव्हाची उठवून राहिलो मी तुमाले. साडेचार वाजले."

घशाला कोरड पडली होती. साडीचा पदर घामानं पाठीला चिकटला होता. पौर्णिमानं बाटलीभर पाणी एका दमात संपवलं. उठायला गेली आणि पोटऱ्यांत अशी कळ आली की तिनं टेबल धरलं.

फोन वाजला. वहिनीनं आईच्या कानाला लावून दिला होता.

"आज ते बाई माह्या मांगं आली नाई," केशरबाई म्हणाल्या. "घरी गेल्यावर मिठाच्या गरम पान्यात पाय ठेवजो, बाई. पैले चार दिवस लई दुखतात."