पिवळी चिंधी

गाद्या भरणाऱ्या बाईकडे लोक काय काय घेऊन येतात म्हणता! चेपलेल्या गाद्या, उसवलेले लोड, उंदरांनी कुरतडलेल्या रजया. पण त्या दुपारी एक आई आपल्या चिमुरड्या लेकीला घेऊन आली, आणि लेकीच्या काखेत होती एक चिंब भिजलेली बाहुली.

"मावशी, हिने बाहुलीला आंघोळ घातलीय," आई म्हणाली. "आतला कापूस कुबट वास मारतोय. टाकून देऊ म्हटलं, तर घर डोक्यावर घेतलं."

बाहुली म्हणजे गुंडीबाई. एका डोळ्याच्या जागी कोटाची गुंडी, हात म्हणजे कापसाचे दोन गोळे. मुलीला सगळे टिल्ली म्हणत. अंगाने होतीच तेवढी, पण तिने तोऱ्यात बजावलं, "पोट फाडताना तिचे डोळे झाका. आणि तिचाच कापूस घाला, दुसऱ्याचा नाही."

"ज्याचा कापूस त्यालाच. आमच्याकडे तशीच रीत आहे," गादीवाली हसली.

खोटं नव्हतं ते. गिऱ्हाइकाच्या कापसाला त्याच्याच कापडाची चिंधी बांधायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. तिने गुंडीबाईचा ओला कापूस गच्चीवर चादरीत पसरला, चादरीच्या टोकाला बाहुलीच्या झग्याची पिवळी, फुलाफुलांची चिंधी बांधली आणि नवऱ्याला म्हणाली, "पिवळ्या चिंधीचा वाळला की पिंजून ठेवा." मग ती दोरा आणायला गेली.

परत आली तर टोपलीत कापूस तयार. बघायला कुणी नव्हतं, तरी शब्द तो शब्द. तिने बाहुलीच्या डोळ्यांवर रुमाल टाकला आणि पोट भरलं, हात भरले. सगळा वेळ केसांच्या तेलाचा मंद वास येत होता. आपल्याच वेणीचा असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी टिल्ली गुंडीबाईला छातीशी धरून घेऊन गेली.

मग गादीवाली वाळवण काढायला गच्चीवर चढली. गुंडीबाईचा कापूस तिथेच होता, अजून दमट.

ती धावत खाली आली. वरच्या फळीवर हात फिरवला. फळी रिकामी होती.

तिथे आजवर तिच्या लेकीच्या उशीतला कापूस होता. लेक तापात गेली. उशीची खोळ झिजून फाटली, तेव्हा तिने कापूस गाठोड्यात बांधला आणि खोळीची पिवळी चिंधी वर लावली. हाताला सवयच तशी. लेकीचा वास तेवढाच उरला होता. पोरगी आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायची नाही, आणि तीही उजवीच. डावी पुढे केली तर ढकलून द्यायची.

"चिंधी पिवळी दिसली, वाटलं वाळवून तूच ठेवलास..." नवरा एवढंच म्हणाला. त्याला तरी काय बोलणार? लेक त्याचीही होतीच की.

काही दिवस तिने कसेबसे काढले. मग टिल्लीच्या आईला निरोप धाडला, की एक टाका सैल राहिलाय, बाहुली घेऊन या. धडधडीत खोटं. कात्रीला धार लावली, गुंडीबाईचा खरा कापूस पिंजून तयार ठेवला. पोरीनेच नव्हतं का सांगितलं, तिचाच कापूस घाला म्हणून?

मायलेकी आल्या. कापूस पिंजायचं यंत्र बंद होतं. अर्ध्या अंधारात कापसाचे तंतू तरंगत होते, आणि पुन्हा तो तेलाचा वास आला.

"पुन्हा फाडणार?" टिल्लीने विचारलं.

"थोडंसंच."

"हळू हं. तिला आता रडू येतं. आधी नव्हतं येत."

गादीवालीचा हात थबकला. "कधी... कधी रडते?"

"वर ठेवलं की. फळीवर ठेवू नका म्हणते. तिथे खूप दिवस एकटी होती म्हणते."

"ऐका हिचं!" आई हसली. "आणि मावशी, नवीन खूळ सांगते. रात्री माझा कान धरून झोपते. सकाळी दोन्ही कान लाल." मग तिचा आवाज उतरला. "म्हणजे... डावा कान ही धरते. हिचा दुसरा हात बाहुलीच्या गळ्यात असतो, मी जागून पाहिलंय. तरी उजवा... थंडीने होत असेल."

गादीवालीला हेवा वाटला. लेक आता दुसऱ्या आईपाशी झोपत होती. पण झोपत होती ना? फळीवर तर ती जागीच असणार, अंधारात, हाकेच्या अंतरावर, आणि आई खाली परक्यांच्या उशा शिवत बसलेली.

तिने कात्री खणात टाकली. बाहुलीचे डोळे पदराने झाकले, दुहेरी दोऱ्याने शिवण पक्की केली आणि गाठ मारली. "झालं. आता कुणी उसवायचं नाही हिला."

टिल्ली पायरीपर्यंत गेली आणि परत आली. "मावशी, खाली वाका. ती जवळ घ्या म्हणतेय."

गादीवाली वाकली. गुंडीबाई क्षणभर तिच्या खांद्यावर टेकली, उजवीकडे. मग मायलेकी निघून गेल्या. ती पदरात तोंड लपवून पोटभर रडली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

नवरा यंत्र सुरू करायला आला आणि तिच्याकडे बघतच राहिला. "कानाला काय झालं गं?"

तिने पाळीला हात लावला. पाळी गरम होती, आणि तिच्यावर एक बारीकशी नखाची खूण होती.

गुंडीबाईला बोटं नव्हती. ते दोन गोळे तर तिने स्वतःच भरले होते.